साचा कुणाच्या ताब्यात? शिडाच्या होड्यांच्या शर्यतींतील नियम आणि बाजार

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत माणसाची आणि होडीची कसोटी एकाच वेळी लागते. त्यामुळे जिंकले कोण, वारा ओळखणारा खलाशी की त्याच्या हाताखालची होडी, हा वाद या खेळाइतकाच जुना आहे. एकोणिसाव्या शतकात निकाल बहुधा पैशाच्या बाजूने लागे. होडीची लांबी, रुंदी आणि शिडाचे क्षेत्रफळ एका सूत्रात बसवून कुणाला किती सवलत द्यायची ते ठरे. सूत्र जाहीर झाले की आरेखक त्यातली फट शोधत आणि त्या फटीतून नवी, अधिक वेगवान, अधिक महाग होडी बाहेर पडे. गेल्या वर्षीची होडी मग शर्यतीच्या कामाची राहत नसे. १८८७ मध्ये डब्लिनजवळच्या किंग्जटाउन बंदरातील मंडळींनी, टॉमस मिडलटन यांच्या पुढाकाराने, यावर उपाय काढला. सर्वांनी एकाच आराखड्याबरहुकूम बांधलेल्या होड्या घ्यायच्या आणि त्यांतच शर्यत लावायची. ‘वॉटर वॅग’ ही त्यांची होडी. वन-डिझाइन पद्धतीची सुरुवात तिच्यापासून मानतात.

एकाच आराखड्याच्या अशा होड्यांच्या कुळाला शर्यतीच्या भाषेत ‘क्लास’ म्हणतात. क्लासची संघटना असते, नियमपुस्तिका असते, मोजणी करणारे अधिकारी असतात. आराखडा कुणाचा, बांधायची परवानगी कुणाला, मोजणी किती काटेकोर, हे तीन प्रश्न प्रत्येक क्लासला सोडवावे लागतात. पुढच्या सव्वाशे वर्षांतले जवळजवळ सगळे तंटे या तिन्हींभोवतीच झाले. त्यांची झळ मुंबई, पुणे, गोव्यातल्या खलाशांपर्यंतही पोहोचली. भारतीय खलाशाच्या पदरात कोणती होडी पडणार, याचा निर्णय बहुतेक वेळा युरोपातल्या एखाद्या सभागृहात होत असे.

मुंबईत यॉट क्लब १८४६ पासून आहे. पुढे राजपदवी मिळालेल्या या रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या शर्यती दीर्घकाळ साहेबांच्याच होत्या. स्वातंत्र्यानंतर हा खेळ मुंबईच्या मोजक्या, त्यातही बऱ्याच पारशी, कुटुंबांनी आणि सेनादलांनी जगवला. नौदल, लष्कर आणि खडकवासल्याच्या काठावरची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी ही त्याची मुख्य ठाणी झाली. परदेशी होडी विकत आणणे त्या काळात सोपे नव्हते. म्हणून इथे रुजली ती एंटरप्राइज, प्लायवूडमध्ये बांधता येणारी, दोघांनी चालवायची चार मीटरहून किंचित लांब होडी.

एंटरप्राइजचा जन्मच मुळी व्यापारी हेतूने झालेला. ब्रिटनमधील ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकाने खप वाढवण्यासाठी जॅक होल्ट या आरेखकाकडून ती आखून घेतली. १९५६ च्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात, अशा दोन होड्या रात्रीच्या वेळी इंग्लिश खाडी पार करून गेल्या आणि त्याची भरपूर प्रसिद्धी झाली. तिची निळी शिडे ही या क्लासची ओळख बनली. सहा वर्षांनी ‘डेली मिरर’ने हाच प्रयोग केला. मिरर नावाची लाल शिडांची होडी होल्ट यांनीच बॅरी बक्नेल यांच्या साथीने रचली. वर्तमानपत्राची जाहिरात म्हणून निघालेली होडी पुढे खेळाचा पाया होऊ शकते, हे या दोन उदाहरणांनी दाखवले. ‘न्यूज क्रॉनिकल’ १९६० मध्ये बंद पडले, एंटरप्राइज मात्र टिकली. कारण आराखडा कुणा एका कारखान्याच्या कपाटात अडकलेला नव्हता. नियमांत बसणारी होडी अनेकांना बांधता येत होती आणि हौशी माणूस ती घरच्या अंगणातही जोडू शकत होता. व्यापाराने काही सुरू करणे आणि व्यापाराने ते ताब्यात ठेवणे यांत मोठा फरक आहे. एंटरप्राइज पहिल्या प्रकारात मोडते.

बांधणारे अनेक असले की मोजणीचा प्रश्न तीव्र होतो. नियमात थोडी सूट ठेवावीच लागते, कारण लाकडाच्या दोन होड्या मिलिमीटरपर्यंत सारख्या होत नाहीत. कसलेला कारागीर त्या सुटीतच आपले कसब वापरतो. याचे नामी उदाहरण फिन या एकट्याने चालवायच्या ऑलिंपिक होडीचे. तिचे किमान वजन ठरलेले होते. कारागिरांच्या ध्यानात आले की एकूण वजन तेच ठेवून दोन्ही टोके हलकी आणि मध्यभाग जड केला, तर होडी लाटांवर कमी डोलते आणि पुढे निसटते. तराजूला यातले काहीच कळत नव्हते. फ्रान्सचे मोजणीतज्ज्ञ जिल्बेर लांबोली यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला होडी टांगून तिला लंबकासारखे झुलवायला आणि झोक्याचा वेळ मोजायला सुरुवात केली. वजन मध्यभागी एकवटले असेल तर ते या झोक्यात उघडे पडते. लांबोली चाचणी त्यानंतर शर्यतीच्या मोजणीचा भाग झाली. लहान मुलांच्या ऑप्टिमिस्ट होडीतही असाच पेच होता. १९४७ मध्ये फ्लोरिडातील क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी रचलेली ही साधी पेटीसारखी होडी जगभर पसरली, आणि श्रीमंत पालक सुटीचा फायदा घेतलेली खास होडी विकत घेऊ लागले. १९९५ मध्ये क्लासने फायबरग्लासच्या होड्यांसाठी नियम इतके आवळले की कोणत्याही कारखान्याची होडी दुसरीसारखीच निघावी. बांधणारे अनेकच राहिले. आराखड्यावर हक्क क्लासचा आणि कारखान्यांत चढाओढ किमतीची व कारागिरीची, ही व्यवस्था आजवर त्यातल्या त्यात निकोप ठरली आहे.

भारताच्या वाटचालीत क्लास बदलाचा फटका सुरुवातीपासून दिसतो. १९७२ च्या ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यती जर्मनीतील कील येथे झाल्या. तिथे सोली कॉन्ट्रॅक्टर आणि ए. ए. बसिथ ही जोडी फ्लाइंग डचमन क्लासमध्ये उतरली आणि भारत प्रथमच या खेळात ऑलिंपिकला गेला. दहा वर्षांनी दिल्लीच्या आशियाई खेळांतील शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात भरल्या. त्यात एंटरप्राइज, फायरबॉल आणि ओके हे क्लास होते. फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉलमध्ये सुवर्णपदक मिळवले. मात्र या तिन्हींपैकी एकही ऑलिंपिकचा क्लास नव्हता. आशियातल्या देशांना परवडणाऱ्या, प्लायवूडमध्ये बांधता येणाऱ्या होड्या एकीकडे आणि ऑलिंपिकच्या होड्या दुसरीकडे, अशी ती फारकत होती. तारापोर १९८४, १९८८ आणि १९९२ असे तीनदा ऑलिंपिकला गेले ते ४७० या वेगळ्याच क्लासमधून, दर वेळी नव्या जोडीदारासह. नौदलाचे होमी मोतीवाला आणि पी. के. गर्ग यांना १९९४-९५ चा खेलरत्न पुरस्कार मिळाला. त्यांची ख्याती एंटरप्राइजची. देशातल्या सर्वोत्तम खलाशांचे सर्वोत्तम दिवस अशा होडीत गेले, जिला ऑलिंपिकचे दार कधी उघडलेच नाही. दोष त्यांचा नव्हता. मुंबईचे मालव श्रॉफ आणि सुमीत पटेल २००४ मध्ये अथेन्सला गेले ते ४९अर या अतिवेगवान होडीतून. तिच्याजोगा सराव देशातल्या कोणत्याही जुन्या क्लासने दिलेला नव्हता.

व्यापारी हक्काचा पहिला मोठा खटला होडीवरून झाला नाही, तो शिडाच्या फळीवरून झाला. कॅलिफोर्नियातील हॉयल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी लाटांवरच्या फळीला फिरत्या सांध्यावर शीड बसवले आणि १९६८ मध्ये पेटंटचा अर्ज केला. ‘विंडसर्फर’ म्हणून ती खपू लागली, आणि युरोपात परवाना शुल्काचे तंटे सुरू झाले. ब्रिटनमध्ये ताबूर मरीन कंपनीविरुद्धच्या खटल्यात एक साक्षीपुरावा निर्णायक ठरला. पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने १९५८ मध्ये हेलिंग बेटावर स्वतः बनवलेल्या फळीवर शीड लावून सफरी केल्या होत्या. न्यायालयाने पेटंट रद्द ठरवले, आणि हा निकाल पेटंट कायद्याच्या अभ्यासात आजही वाचला जातो. १९८४ मध्ये फळीची शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच आली तेव्हा निवड झाली विंडग्लायडर या जर्मन बनावटीच्या फळीची. त्यानंतर लेखनर, मिस्ट्रल, नीलप्राइडची आरएस:एक्स असे बदल होत गेले. प्रत्येक बदलाबरोबर जगभरच्या क्लबांची जुनी साधने निकामी झाली आणि एका नव्या कंपनीला काही वर्षांची हमखास बाजारपेठ मिळाली.

या साऱ्या इतिहासातला सर्वांत लांबलेला आणि सर्वांत कडू तंटा लेझर या होडीचा. तो समजला की बाकीचे सगळे समजते.

ब्रूस कर्बी हे कॅनडाचे ऑलिंपिक खलाशी आणि पुढे नौकानयनाच्या मासिकाचे संपादक. १९६९ मध्ये मॉन्ट्रियलचे इयान ब्रूस यांनी त्यांना फोन केला. मोटारीच्या टपावर टाकून नेता येईल अशी छोटी होडी हवी होती. कर्बींनी बोलता बोलता कागदावर आकृती काढली. शीड हान्स फोग यांनी शिवले. १९७१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती ६९५ डॉलरला मांडली आणि तिथेच १४४ होड्या विकल्या गेल्या. लांबी ४.२३ मीटर, एकच शीड, एकच माणूस, खिळे-फळ्यांऐवजी साच्यातून निघणारे फायबरग्लासचे बूड. १९९६ मध्ये ती ऑलिंपिकला आली, आणि २००८ पासून महिलांसाठी तिचीच छोट्या शिडाची आवृत्ती रेडियल. ब्राझीलचा रॉबर्ट शाइट, ब्रिटनचा बेन एन्झली यांची सुरुवातीची सुवर्णपदके याच होडीतली.

लेझरचा नियम कडक आणि समजायला सोपा होता: पुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल ते करायचे नाही. डोलकाठी, शीड, सुकाणू, सारे ठरलेल्या कारखान्याचेच. होडी कशी बांधायची याची बांधकाम-संहिता ठरावीक हातांतच फिरे. ऑलिंपिकमध्ये होड्या आयोजक देत, खलाशी आपली नुसती कौशल्ये घेऊन जात. गरीब देशाच्या खलाशालाही विजेत्यासारखीच होडी मिळणे, हे या पद्धतीचे खरे मोल होते. भारतातही लेझर सेनादलांच्या केंद्रांत आणि हैदराबादच्या हुसेन सागरासारख्या जलाशयांत रुळली. पण किंमत इथेच लपलेली होती. अधिकृत शीड लवकर ताणून ढिले पडे आणि महाग असे. त्याच मापाची नक्कल बाजारात बरीच स्वस्त मिळे, तरी अधिकृत शर्यतीत ती चालत नसे. सरावाला नकली शीड आणि शर्यतीला अस्सल, असा दुहेरी संसार जगभरच्या लेझर खलाशांनी वर्षानुवर्षे केला. सुधारित शीड क्लासने २०१० च्या दशकाच्या मध्यावर आणले, वरची डोलकाठी कार्बनची झाली ती त्यानंतर. खलाशांना जे पंधरा वर्षांपूर्वी हवे होते ते इतक्या उशिरा मिळण्याचे कारण तांत्रिक नव्हते. बदलाला बांधकाम कंपन्यांची संमती लागत होती.

व्यवस्थेचे चार मालक होते. आराखडा कर्बींचा. ‘लेझर’ हे नाव प्रदेशागणिक वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावे नोंदलेले. बांधकामाचे परवानेही प्रदेशागणिक वाटलेले, त्यात युरोप आणि अमेरिका लेझरपरफॉर्मन्स कंपनीकडे, ऑस्ट्रेलिया व जपान स्वतंत्र कारखान्यांकडे. आणि नियम क्लासच्या संघटनेचे. चौघांचे पटत होते तोवर सगळे सुरळीत चालले. २००८ च्या सुमारास कर्बींनी आपले हक्क ऑस्ट्रेलियन कारखान्याशी जोडलेल्या संस्थेला दिले आणि लेझरपरफॉर्मन्सशी मानधनावरून बेबनाव झाला. कर्बींनी परवाना रद्द केला. मधल्या काळात, २०११ मध्ये, क्लासने सदस्यांचे मत घेऊन नियमच बदलला: होडी बांधायला कर्बींचा परवाना असण्याची अट काढून टाकली. संघटनेचे म्हणणे होते की होड्यांचा पुरवठा थांबता कामा नये. कर्बींना यात आपल्या आयुष्यभराच्या कामावर घाला दिसला. २०१३ मध्ये ते अमेरिकेतील कनेक्टिकटच्या संघीय न्यायालयात गेले आणि त्याच होडीला ‘टॉर्च’ हे नवे नाव देऊन वेगळा क्लास उभारण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. फेब्रुवारी २०२० मध्ये ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल देऊन भरपाई ठरवली. पुढच्याच वर्षी जुलैत ते वारले. संघटनेने पुरवठ्याची काळजी करणे योग्यच होते, पण ज्याच्या हातून होडी निघाली त्याचा हक्क मतदानाने पुसून टाकणे योग्य नव्हते.

तोवर दुसरी आघाडी उघडली होती. जागतिक नौकानयन संघटनेने २०२४ च्या ऑलिंपिकसाठी एकट्याच्या होडीची निवड पुन्हा खुली केली. युरोपच्या स्पर्धा कायद्याचा दबाव वाढला होता आणि एखाद्या कंपनीला मक्तेदारी देणारा ऑलिंपिक क्लास न्यायालयात टिकेल का, ही धास्ती होती. मार्च २०१९ मध्ये स्पेनच्या वॅलेन्सियाला चाचण्या झाल्या. लेझरसमोर आरएस एरो, डी-झीरो आणि मेल्जेस १४ या नव्या होड्या होत्या. नेमक्या त्याच महिन्यात क्लासने लेझरपरफॉर्मन्सची बांधकाम-मान्यता काढून घेतली. कंपनीने कारखान्याची तपासणी करू दिली नाही, असे क्लासने जाहीर केले. कंपनीने हे आरोप नाकारले. परिणाम लगेच दिसला. युरोप आणि अमेरिकेत नियमात बसणारी नवी होडी बांधणारा कुणी उरला नाही, आणि ‘लेझर’ हे नाव बऱ्याच देशांत त्याच कंपनीच्या मालकीचे. म्हणून एप्रिलमध्ये क्लासने जगातल्या सर्वांत ओळखीच्या होडीचे नावच बदलले. ती ‘आयएलसीए’ झाली. मोठ्या, मधल्या आणि छोट्या शिडांच्या आवृत्त्यांना अनुक्रमे ७, ६ आणि ४ हे आकडे मिळाले. विम्बल्डनला आपले नाव सोडावे लागावे, तसा तो प्रसंग होता.

चाचणी गटाने एरोची शिफारस केली. मे महिन्यात लंडनला भरलेल्या परिषदेने ती बाजूला सारून जुनी होडीच ठेवली. अट मात्र घातली: पात्र असलेल्या कोणत्याही कारखान्याला वाजवी आणि समान अटींवर बांधकामाचा परवाना मिळाला पाहिजे. त्या ऑगस्टमध्ये करार झाला. पुढे ब्रिटनमधील ओव्हिंग्टन, पोलंडमधील देवोती, थायलंडमधील एलिमेंट सिक्स, अर्जेंटिनातील रिओ तेक्ना अशा कारखान्यांना मान्यता मिळाली. परिषदेचा हा निर्णय शहाणपणाचा होता. एरो हलकी आणि अधिक चपळ, यात शंका नाही, पण ती निवडली असती तर भारतासारख्या देशांतल्या साऱ्या लेझर होड्या ऑलिंपिकच्या दृष्टीने एका दिवसात भंगार ठरल्या असत्या.

हे भय किती खरे, ते फळीच्या शर्यतीने दाखवून दिले. २०१२ च्या मे महिन्यात जागतिक संघटनेने आरएस:एक्स काढून पतंगाच्या शिडाची फळी ऑलिंपिकला घेतली, आणि सहा महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, तो निर्णय फिरवला. आरएस:एक्स आणखी दोन ऑलिंपिक टिकली. मग २०१९ मध्ये पाण्यावर तरंगत उडणारी आयक्यूफॉइल फळी तिच्या जागी निवडली गेली. गोव्याचे डेन आणि कात्या कोएल्हो यांच्यासारख्या खलाशांनी वर्षानुवर्षे घोटलेले तंत्र त्या एका मतदानाने मागे पडले. हांगझोच्या आशियाई खेळांत २०२३ मध्ये ईबाद अली यांनी आरएस:एक्समध्ये कांस्यपदक जिंकले, तेव्हा तो क्लास ऑलिंपिकमधून आधीच बाद झालेला होता. मुंबईच्या १९८२ ची गाठ चाळीस वर्षांनंतरही सुटलेली नव्हती.

त्याच स्पर्धेत आयएलसीए होड्यांनी वेगळा निकाल दिला. भोपाळच्या बड्या तलावावर शिकलेल्या नेहा ठाकूर हिने आयएलसीए ४ मध्ये रौप्य, तर लष्कराच्या विष्णू सरवणन यांनी आयएलसीए ७ मध्ये कांस्य मिळवले. सरवणन आणि चेन्नईच्या नेत्रा कुमनन हे दोघे टोकियोला लेझर व लेझर रेडियलमध्ये उतरले होते आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या खेळांसाठी मार्सेलच्या समुद्रात आयएलसीए ७ व ६ मध्ये. नाव बदलले तरी होडी तीच असल्यामुळे मधल्या वर्षांचा सराव वाया गेला नाही. टोकियोच्या विसाव्या स्थानावरून सरवणन अठराव्यावर आले, आणि नेत्रा पस्तिसाव्यावरून एकविसाव्यावर.

लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकसाठीही आयएलसीए ७ आणि ६ कायम आहेत. त्या आता अनेक देशांतले कारखाने बांधतात, आणि त्यांतला एक आशियातच, थायलंडमध्ये आहे.